काकांची येझदी कुणासाठी ट्यून करायची?

मागच्या जुलैत आमच्या घरात दोन दातांवरून भांडण झालं. माणसाचे दात नव्हेत, स्प्रॉकेटचे. स्प्रॉकेट म्हणजे ज्या दातेरी चक्रावरून गाडीची चेन फिरते ते. वाङ्मय मंडळाच्या अंकात हे काय, असं वाटेल. पण या भांडणात माझं एक मत तयार झालं आणि ते मला मांडायचं आहे.

स्पोर्ट्स कार आम्ही मोबाईलवर बघतो. जुन्या हुबळीत तिची जागा कधीकाळी येझदीने घेतली होती. मैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून 1961 पासून जावा निघाल्या, 1973 पासून त्याच घराण्याच्या गाड्या येझदी नावाने आल्या आणि 1996 मध्ये कारखाना बंद झाला. काकांकडे आहे ती रोडकिंग. 250 सीसी, टू-स्ट्रोक, चार गियर, दोन सायलेन्सर. ती सिद्धारूढ मठाच्या रस्त्याला लागली की काकू घरात चहा ठेवतात, इतका तिचा आवाज ओळखीचा.

काकांच्या डाव्या हाताची दोन बोटं कामावरच्या अपघातात गेल्यासारखीच आहेत. बोटं आहेत, पण पकड नाही. ब्रश धरतात, पिशवी धरतात, क्लच दाबून हळूहळू सोडणं मात्र जमत नाही. तरीही गेली अठरा वर्षं ते गाडी चालवतायत, कारण जुन्या जावा-येझदीला सेमी-ऑटोमॅटिक क्लच असतो. डाव्या पायाने गियरचा दांडा हलवला की त्याच हालचालीने आतला क्लचही सुटतो. हाताने लिव्हर दाबायची गरज नाही. थांबलेली गाडी काढताना पहिला गियर टाकायचा, पाय दांड्यावर तसाच दाबून ठेवायचा आणि रेस देत पाय हळूहळू उचलायचा. हाताचं काम पायाने करायचं. किक मारायलाही तोच दांडा, आत ढकलून वर फिरवायचा. आमच्या पिढीला हे सांगितलं की गंमत वाटते. काकांना ती गंमत नाही, त्यांचा डावा हातच तो आहे.

बेंगळुरूहून चुलतभाऊ आला. दादाला जुन्या गाड्यांचं वेड आहे. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले एकत्र राइड काढतात, त्यात त्याला काकांची गाडी न्यायची होती. "बाबा, एकदम फर्स्ट क्लास करून आणतो," म्हणाला आणि शहरातल्या एका गॅरेजमध्ये टाकली. रंग झाला, क्रोम झाला. आणि दोन कामं अशी झाली जी दिसत नाहीत. एक म्हणजे पायाने क्लच सोडणारी आतली जोडणी काढून टाकली. "कोण वापरतं आता? उगाच कटकट," असं मेकॅनिक म्हणाला म्हणे. दुसरं, टॉप स्पीड वाढावा म्हणून गियरिंग लांब केलं.

गियरिंग लांब म्हणजे काय, ते साध्या हिशोबाने सांगते. समजा पुढच्या स्प्रॉकेटला 18 दाते आणि मागच्याला 45. 45 भागिले 18, म्हणजे अडीच. पुढचं चक्र अडीच वेळा फिरलं की मागचं चाक एकदा फिरतं. आता पुढे 20 दात्यांचं बसवलं तर 45 भागिले 20, सव्वादोन. मागचं लहान करूनही हाच परिणाम साधता येतो. जिथे इंजिन दहा फेरे घेत होतं तिथे आता नऊच घेतं. हायवेवर गाडी शांत पळते, व्हायब्रेशन कमी होतं. पण फुकट काही मिळत नाही. चाकाला मिळणारा जोरही तितकाच कमी होतो आणि हा बदल फक्त चौथ्या गियरला होत नाही, चारही गियरना होतो. पहिला गियरसुद्धा लांब होतो. गाडी जागेवरून काढायला जास्त रेस द्यावी लागते आणि क्लच जास्त वेळ, जास्त हळू सोडावा लागतो.

म्हणजे ज्या माणसाला क्लच हळू सोडता येत नाही, त्याच्या गाडीला दादाने जास्त हळू सोडावा लागेल असं गियरिंग दिलं आणि वर त्याची पायाची सोयही काढून घेतली.

रविवारी मिस्साहून येताना इंडी पंपाजवळ गाडी तीन वेळा बंद पडली. मी मागे बसले होते. पाठीमागे रिक्षा, टेम्पो, हॉर्न. कुणीतरी कन्नडमध्ये ओरडलं, "अजोबा, ढकला की!" काका उतरले आणि गाडी ढकलत घरी आणली. मी हात लावायला गेले तर म्हणाले, "राहू दे बाळा." घरी आल्यावर दादाला एक शब्द बोलले नाहीत. चावी फ्रिजवर ठेवली आणि चार दिवस तिला हात लावला नाही. मला त्यांच्या गप्प बसण्याचाच जास्त त्रास झाला.

दादाची बाजू मी ऐकली आहे आणि ती सगळी खोटी नाही. जुन्या गियरिंगवर साठ-सत्तरच्या पुढे इंजिन अक्षरशः ओरडतं. हुबळीहून यल्लापूरमार्गे अंकोल्याला जायचं तर मोकळ्या रस्त्यावर तो लांब टॉप खरंच आराम देतो. पण त्याच रस्त्यावर पुढे अरबैल घाट लागतो आणि तिथे येताना चढावर तोच टॉप निरुपयोगी होतो, सारखं खालच्या गियरला यावं लागतं. आणि काका अंकोल्याला जातात वर्षातून एकदा. रोज जातात दुर्गद बैलच्या बाजारात, जिथे शंभर मीटरमध्ये सहा वेळा थांबावं लागतं, नाहीतर उणकलच्या बाजूला, काकूंना मागे बसवून. गाडीचा हिशोब रोजच्या रस्त्यावर धरायचा की वर्षातल्या एका रविवारवर?

हा प्रश्न येझदीपुरता नाही. अमेरिकेत 1953 साली शेवरले कॉर्व्हेट ही स्पोर्ट्स कार आली तेव्हा तिला पॉवरग्लाइड नावाचा फक्त दोन गियरांचा ऑटोमॅटिक गियरबॉक्स होता. पुढच्या काळातल्या अशा जुन्या ऑटोमॅटिक गाड्या आज लोक हौसेने सांभाळतात आणि पिकअप वाढवायला मागच्या ॲक्सलचं गियरिंग बदलतात, समजा 3.08 चं 3.73. पण जुन्या ऑटोमॅटिक गियरबॉक्सला गाडीचा वेग कळतो तो त्याच्या मागच्या शाफ्टच्या फिरण्यावरून. ॲक्सल बदलला की त्याच वेगाला तो शाफ्ट जास्त फिरतो. गियरबॉक्सला वाटतं गाडी जोरात आहे, तो गियर लवकर बदलतो. स्पीडोमीटरही जास्त वेग दाखवतो. म्हणून जाणकार माणूस ॲक्सलला हात लावला की गियरबॉक्सचा गव्हर्नर आणि स्पीडोमीटरचा गियरही पुन्हा जुळवतो. तिथे ऑटोमॅटिक गियरबॉक्स, इथे ऑटोमॅटिक क्लच. दोन्हीकडे मागचं गियरिंग आणि पुढची ऑटोमॅटिक सोय ही दोन वेगळी कामं नाहीत. एकाला हात लावलात की दुसऱ्याचा विचार करावाच लागतो, आणि दोन्हींच्या आधी चालवणाऱ्याचा.

माझी खरी तक्रार "ओरिजिनल" या शब्दाबद्दल आहे. आजकाल जुनी गाडी विकत घेणारा प्रत्येक जण म्हणतो, "भाई, एकदम ओरिजिनल पाहिजे." टाकीवरचं नाव, रंगाची शेड, सीटची शिलाई, सगळं जसंच्या तसं हवं. आणि त्याच गाडीतली सर्वांत ओरिजिनल गोष्ट, जी त्या काळात इतर मोटरसायकलींना क्वचितच होती, ती कव्हरच्या आत असते म्हणून बिनधास्त काढून टाकतात, कारण फोटोत ती येत नाही. दादाने गाडी फोटोसाठी ट्यून केली, असं मी त्याला तोंडावर म्हणाले. तो चिडला. पण मला अजून तसंच वाटतं.

काही जण म्हणतात, एवढं कशाला, काकांना इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन द्या, क्लचच नाही. पर्याय चांगला आहे, मी स्वतः काकांना सुचवला. ते म्हणाले, "घ्या की. पण ही चालत नाही म्हणून नको." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शेवटी मी आणि काका गाडी घेऊन आमच्या गल्लीतल्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांना सगळे चाचा म्हणतात. काढलेली जोडणी नशिबाने दादाच्या डिकीत पिशवीत होती. चाचांनी आधी जुनं स्प्रॉकेट बसवलं आणि चेनचा ताण बघितला. मग क्लचच्या प्लेटा तपासल्या. मग हाताच्या केबलला थोडी ढिलाई ठेवली आणि सगळ्यात शेवटी पायाच्या जोडणीचा स्क्रू धरला. पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. तो जास्त घट्ट झाला तर प्लेटा पूर्ण बसत नाहीत, घसरतात आणि जळतात. ढिला राहिला तर गियर करकरतो. प्रत्येक वेळी चाचा काकांना म्हणायचे, "आप बैठो, आप का पैर बोलेगा." स्वतः एकदाही बसले नाहीत. इंजिन तापल्यावर पुन्हा एकदा सगळं बघितलं. अडीच तास लागले.

ट्यूनिंग म्हणतात ते मला तिथे कळलं. जो चालवणार त्याला बसवून, तो ज्या रस्त्यावर चालवणार तो रस्ता विचारून केलेलं काम. तुमच्यापैकी कुणी घरची जुनी गाडी बाहेर काढणार असाल, तर गॅरेजमध्ये नेण्याआधी ती रोज चालवणाऱ्याला दोन गोष्टी विचारा. कुठून कुठे जाता? आणि यातलं काय काढलं तर तुम्हाला चालवता येणार नाही? आणि जो भाग काढाल तो फेकू नका.

दादा डिसेंबरात नाताळाला आला. 20 दात्यांचं स्प्रॉकेट त्याने पिशवीत घालून शेल्फवर ठेवलंय. लांबच्या राइडला न्यायची असेल तर तो स्वतः बसवणार आणि परत आल्यावर स्वतः काढणार, असं ठरलं. पायाच्या क्लचला हात लावायचा नाही. हे ठरवताना काका पहिल्यांदा बोलले. "आणि परत आलास की आधी मला इंडी पंपापर्यंत एक चक्कर मारू दे. मग जा."