विश्लेषण : घटस्फोटाच्या वाटेवर आधी काय सांभाळावे? नागपूरचा पोटगीचा खटला काय सांगतो?

घटस्फोटाचा दावा दाखल झाला की निकालाच्या कितीतरी आधी प्रश्न उभा राहतो तो महिन्याच्या खर्चाचा. घरभाडे, मुलाची फी, दूध, औषधे यांपैकी काहीच न्यायालयाच्या पुढच्या तारखेपर्यंत थांबत नाही. नागपूरच्या एका दाम्पत्यातील अंतरिम पोटगीचा वाद सात वर्षे चालला आणि त्यातूनच देशभरातील न्यायालयांसाठी नियम तयार झाले. हे नियम काय आहेत, त्यांचा लाभ कसा घ्यावा आणि या काळात मुलांना व स्वतःला कसे सांभाळावे, याचा आढावा.

नागपूरचा खटला काय होता?

मुलाच्या जन्मानंतर थोड्याच काळात, जानेवारी २०१३ मध्ये पत्नीने सासर सोडले. त्याच वर्षी २ सप्टेंबरला तिने स्वतःसाठी आणि मुलासाठी अंतरिम पोटगीचा अर्ज केला. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयाचा आदेश आला तो २४ ऑगस्ट २०१५ रोजी. पत्नीला दरमहा १५ हजार रुपये, मुलासाठी आधी पाच हजार आणि सप्टेंबर २०१५ पासून १० हजार रुपये, असा तो आदेश होता. पतीने त्याला मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात आव्हान दिले. ते १४ ऑगस्ट २०१८ रोजी फेटाळले गेले. त्यानंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्या. इंदू मल्होत्रा आणि न्या. आर. सुभाष रेड्डी यांच्या खंडपीठाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी कौटुंबिक न्यायालयाचाच आदेश कायम ठेवला.

‘रजनेश विरुद्ध नेहा’ या नावाने हा निकाल ओळखला जातो. वाद सुरू झाला तेव्हा तान्हे असलेले बाळ निकालाच्या वेळी सात वर्षांचे झाले होते. एवढा काळ गेला तो केवळ अंतरिम रकमेसाठी. मूळ पोटगी अर्जाचा निर्णय तेव्हाही बाकीच होता. अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असे कायदा सांगतो. नागपुरात पहिल्याच टप्प्याला जवळपास दोन वर्षे लागली.

सर्वोच्च न्यायालयाने कोणते नियम घालून दिले?

पहिला नियम शपथपत्राचा. पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात पती आणि पत्नी या दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता, कर्जे आणि खर्च यांचे शपथपत्र ठरलेल्या नमुन्यात द्यायचे आहे. शेतीवर अवलंबून असलेल्यांसाठी वेगळा नमुना आहे. उत्तर देणाऱ्या पक्षाला त्यासाठी जास्तीत जास्त चार आठवडे मिळतात. तारखा वाढवून टाळाटाळ केल्यास न्यायालय त्याचा बचाव रद्द करू शकते. शपथपत्रे आल्यावर अंतरिम पोटगीचा निर्णय चार ते सहा महिन्यांत व्हावा, अशी अपेक्षा आहे.

दुसरा नियम तारखेचा. पोटगी अर्ज केल्याच्या दिवसापासून द्यायची, आदेशाच्या दिवसापासून नव्हे. तिसरा नियम अनेक दाव्यांबाबतचा. हिंदू विवाह कायदा, कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आणि फौजदारी प्रक्रिया अशा वेगवेगळ्या कायद्यांखाली पोटगी मागता येते. मात्र आधीचा अर्ज आणि त्यावरील आदेश दडवता येत नाही. एका आदेशातील रक्कम दुसऱ्या प्रकरणात विचारात घेतली जाते. पूर्वीचे कलम १२५ आता १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झाले आहे. मुस्लीम घटस्फोटित महिलांनाही कलम १२५ चा आधार मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०२४ च्या निकालात पुन्हा स्पष्ट केले.

‘नोकरी नाही’ किंवा ‘पत्नी कमावते’ एवढे पुरेसे आहे का?

नाही. धडधाकट पतीला केवळ बेरोजगारीचे कारण पुढे करून जबाबदारी टाळता येत नाही. पत्नी कमावती असली, तरी तिचे उत्पन्न सासरच्या राहणीमानाच्या तुलनेत पुरेसे आहे का, हे पाहिले जाते. मुलांसाठी तिने नोकरी सोडली असेल तर तेही विचारात घेतले जाते. दुसरीकडे पतीवरील आई-वडिलांची जबाबदारी, कर्ज आणि त्याचा स्वतःचा वाजवी खर्चही मोजला जातो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ आणि २५ नुसार पतीलाही पोटगी मागता येते. म्हणजे दोन्ही बाजूंनी ‘तो खूप कमावतो’ किंवा ‘तिला गरज नाही’ असे नुसते म्हणून भागत नाही. कागद दाखवावा लागतो.

नियम असूनही विलंब का होतो?

अनेक ठिकाणी शपथपत्र न घेताच सुनावणी पुढे सरकते. सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२३ रोजी आणखी एका प्रकरणात याबद्दल नाराजी व्यक्त केली आणि २०२० चा निकाल सर्व उच्च न्यायालयांमार्फत पुन्हा कनिष्ठ न्यायालयांपर्यंत पाठवण्यास सांगितले. पक्षकारासाठी याचा अर्थ सरळ आहे. आपले शपथपत्र पहिल्याच टप्प्यात पूर्ण भरून द्यावे आणि समोरच्याचे शपथपत्र दाखल झाले का, हे वकिलाला प्रत्येक तारखेला विचारावे. खोटी माहिती देणे अंगाशी येऊ शकते, कारण खोट्या शपथपत्राबद्दल फौजदारी कारवाई होऊ शकते.

कोणती कागदपत्रे आधी जमवावीत?

विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा लग्नपत्रिका व फोटो, मुलांचे जन्मदाखले, दोघांची आधार व पॅन माहिती, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे, पगारपत्रके, बँक पासबुके, विमा पॉलिसी, भविष्य निर्वाह निधीचा तपशील, सातबारा किंवा घराची कागदपत्रे, कर्जाचे हप्ते आणि शाळेच्या पावत्या यांच्या प्रती काढून ठेवाव्यात. त्यासाठी समोरच्याचा फोन किंवा ईमेल उघडण्याची गरज नाही. वकिलामार्फत ही माहिती न्यायालयातून मागवता येते.

दागिन्यांची यादी आणि बिले वेगळी ठेवावीत. स्त्रीधनावर पत्नीचाच हक्क असतो, ते सासरच्या कपाटात असले तरी. घराबाबत मात्र गैरसमज मोठा आहे. पतीच्या नावावरचे घर घटस्फोटानंतर आपोआप निम्मे होत नाही. संसार ज्या घरात झाला तेथे राहण्याचा हक्क पत्नीला कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली मागता येतो. घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असले म्हणून हा हक्क आपोआप जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये स्पष्ट केले.

परस्पर संमतीने घटस्फोट किती दिवसांत मिळतो?

हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब नुसार किमान एक वर्ष वेगळे राहिलेले पती-पत्नी एकत्र अर्ज करू शकतात. हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. नोंदणी विवाहासाठी विशेष विवाह कायद्यात अशीच तरतूद आहे. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबावे लागते. विचार बदलण्याची संधी मिळावी, हा त्यामागचा हेतू आहे. दोघे आधीच दीड वर्षापेक्षा जास्त काळ वेगळे राहत असतील, समेटाचे प्रयत्न फसले असतील आणि पोटगी व ताब्याचा निर्णय झाला असेल, तर ही अट शिथिल करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १२ सप्टेंबर २०१७ रोजी सांगितले. पहिल्या अर्जानंतर एका आठवड्याने त्यासाठी विनंती करता येते. ती मान्य करणे मात्र न्यायालयाच्या हाती आहे.

स्टॅम्प पेपरवरची सोडचिठ्ठी चालते का?

गावच्या बैठकीत किंवा नोटरीसमोर लिहून घेतलेली फारकत म्हणजे घटस्फोट नव्हे. एखाद्या समाजात तशी जुनी रूढी असल्याचे न्यायालयात सिद्ध झाले तरच तिला मान्यता मिळू शकते. अशा कागदाच्या भरवशावर दुसरे लग्न केल्यास ते रद्दबातल ठरू शकते आणि द्विभार्या प्रतिबंधाचा गुन्हाही दाखल होऊ शकतो. बैठकीत ठरलेल्या अटी वाया जात नाहीत. त्याच अटी संमतीच्या अर्जात लिहून न्यायालयाची मोहोर घेता येते.

मुलांना काय आणि कसे सांगावे?

ताब्याचा निर्णय होताना आई किंवा वडिलांच्या हक्कापेक्षा मुलाचे हित वरचे मानले जाते. पाच वर्षांखालील मूल साधारणपणे आईकडे राहते. ताबा एकाकडे असला, तरी दुसऱ्याला भेटीचा वेळ ठरवून दिला जातो. पोटगी थकली म्हणून मुलाची भेट अडवणे किंवा भेट मिळत नाही म्हणून पोटगी थांबवणे, या दोन्ही गोष्टींचा फटका शेवटी मुलालाच बसतो.

शक्य असेल तर आई-वडिलांनी मिळून मुलाला तीन गोष्टी सांगाव्यात : यात तुझी चूक नाही, आम्ही दोघेही तुझे आई-बाबाच राहणार, आणि तू कुठे राहशील, कोणत्या शाळेत जाशील ते असे ठरले आहे. ‘तुझ्या बाबांना सांग, फी भरा’ अशी निरोप्याची कामे मुलाकडे देऊ नयेत. वर्गशिक्षकांना मोजक्या शब्दांत कल्पना दिली, तर शाळेतील बदल वेळीच लक्षात येतात.

मन कसे सांभाळावे? मदत कुठे मिळेल?

या काळात झोप उडणे, भूक मंदावणे, सतत जुने प्रसंग आठवणे हे अनेकांना होते. त्यात ‘लोक काय म्हणतील’ची भीती मिसळते. माहेरी परतलेल्या मुलीला पाहुण्यांच्या प्रश्नांना तोंड द्यावे लागते, तर पुरुष बहुतेकदा कोणाशीच बोलत नाहीत. काय झाले हे प्रत्येकाला सांगण्याची गरज नसते. विश्वासाची एक-दोन माणसे निवडावीत आणि इतरांसाठी ‘प्रकरण न्यायालयात आहे’ एवढे उत्तर पुरते.

रात्री रागात लिहिलेला मेसेज सकाळपर्यंत पाठवू नये. व्हॉट्सॲपवरचे शब्द न्यायालयात वाचले जातात. जोडीदाराशी झालेल्या संभाषणाचे गुपचूप केलेले ध्वनिमुद्रणही वैवाहिक दाव्यात पुरावा म्हणून येऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२५ रोजी म्हटले आहे. तारखेच्या दिवशी सोबत कोणीतरी असावे आणि त्या दिवशी दुसरा मोठा निर्णय घेऊ नये.

कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक असतात. समेट झाला नाही, तरी अटी शांतपणे ठरवण्यासाठी त्या बैठकीचा उपयोग होतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी हेल्पलाइन १५१०० आहे. छळ किंवा मारहाण होत असेल तर ११२ किंवा १८१ वर संपर्क साधावा. नागपूर पोलिसांचा भरोसा सेलही अशा तक्रारी ऐकतो. मानसिक आधारासाठी टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. मेडिकल आणि मेयो रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. जगणे नकोसे वाटत असेल, तर त्याच दिवशी मदत घ्यावी.

निकालानंतर काय उरते?

हुकूमनाम्याच्या प्रमाणित प्रती काढून ठेवाव्यात. पासपोर्ट, शिधापत्रिका आणि मुलांच्या शाळेच्या कामात त्या लागतात. बँक खाते, विमा आणि भविष्य निर्वाह निधी यांतील वारसाची नोंद बदलावी. संयुक्त गृहकर्ज असेल, तर घटस्फोट झाला तरी बँकेसाठी दोघेही कर्जदारच राहतात. त्यामुळे हप्ते कोण भरणार आणि नाव कोणाचे कमी होणार, हे तडजोडीतच लिहून घ्यावे. निकाल संमतीचा नसेल, तर अपिलाची मुदत संपेपर्यंत दुसरे लग्न करता येत नाही. आणि ठरलेली पोटगी थकली, तर ती दिवाणी न्यायालयाच्या पैशाच्या हुकूमनाम्यासारखी वसूल करता येते. नागपूरच्या त्या पत्नीला वसुलीसाठी पुन्हा पुन्हा अर्ज करावे लागले होते. म्हणून दरमहा रक्कम कोणत्या तारखेला आणि कोणत्या खात्यात जमा होईल, हे आदेशातच नमूद करून घेणे शहाणपणाचे ठरते.