रक्ताची पत्रिका

माझा चुलतभाऊ लहानपणी हातापायांच्या दुखण्याने रात्र रात्र रडत असे. आजी म्हणायची, "सुनेनं माहेरून आणलेली पीडा आहे ही." काकू मान खाली घालून शेकायला पाणी तापवायची. पुढे रक्त तपासले आणि पीडेचे नाव कळले : सिकलसेल. बोल मात्र काकूवरच राहिला.

विज्ञान काय सांगते? या आजाराचे जनुक मुलाला आईकडून एक आणि बापाकडून एक असे मिळते. एकच सदोष असेल तर माणूस वाहक, म्हणजे 'एएस'. तो एरवी धडधाकट असतो. दोन्ही सदोष असतील तर 'एसएस'. मग तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. दोघे वाहक असतील तर प्रत्येक खेपेला मूल आजारी होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्ण निर्दोष असण्याची २५ टक्के. म्हणजे भावाच्या दुखण्यात काकांचा वाटा काकूइतकाच! कॉलेजात आल्यावर मी हे घरी सांगितले. काका गप्प बसले. काकू रडली.

म्हणून रक्ततपासणी व्हावी, याच मताचा मी आहे. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट ठेवले. हे स्वागतार्हच आहे. प्रश्न आहे तो अहवाल कोणाचा, हा.

एका शिबिरात मी पाहिले, वाहकांची नावे सर्वांदेखत मोठ्याने वाचली गेली. संध्याकाळपर्यंत गावभर झाले. त्यातल्या एका मुलीचे ठरत आलेले लग्न मोडले. मुलाचे रक्त तपासा, असे कोणी म्हणाले नाही. तो निर्दोष असता तर त्यांचे एकही मूल 'एसएस' झाले नसते!

कोणी म्हणेल, पुढची पिढी वाचवायची तर एवढे सोसावेच लागेल. अमेरिकेचा अनुभव वेगळे सांगतो. १९७० नंतर तेथील काही राज्यांनी कृष्णवर्णीयांवर ही तपासणी सक्तीची केली. निरोगी वाहकांना नोकरी आणि विमा मिळणे कठीण झाले. वायुदलाच्या अकादमीचे दार तर त्यांना १९८१ पर्यंत बंद होते. आपल्याकडेही हा आजार विदर्भात आणि सातपुड्यात मुख्यतः आदिवासी व दलित वस्त्यांत आढळतो. मलेरियाच्या मुलखात वाहकाला त्या तापापासून थोडे संरक्षण मिळते, म्हणून हे जनुक टिकले. त्यात ना पाप आहे, ना कुळाचा कलंक. ज्यांच्या कपाळी समाजाने आधीच एक शिक्का मारला आहे, त्यांना हा दुसरा कशासाठी?

मित्रहो, तपासणी संमतीने व्हावी. अहवाल बंद लिफाफ्यात, ज्याचा त्याला मिळावा. समजावून सांगणारे माणूस समोर असावे आणि लग्नाच्या वेळी दोघांचेही रक्त तपासावे. नाहीतर ग्रहांची पत्रिका गेली आणि रक्ताची आली, एवढेच होईल.

मीही तपासणी करून घेतली आहे. निकाल येथे लिहिणार नाही. जिच्याशी माझे लग्न ठरेल, तिला मात्र तो मी स्वतः, आधी सांगेन.

— द्वितीय वर्ष, कला