बुटाची जागा

माझी भाची नववीत आहे. इंग्रजी शाळेत जाते आणि माझ्यापेक्षा बरं इंग्रजी बोलते. दिवाळीच्या सुट्टीत तिनं माझ्या अंगावर एक पुस्तक फेकलं. म्हणाली, "मामा, तू कविता करतोस ना, हे वाच. जगाचं वाटोळं झाल्यावर काय होतं ते आहे यात." मी म्हणलं, बाई गं, वाटोळं व्हायचं राह्यलंय कुठं? तरी घेतलं. 'द हंगर गेम्स'. सुझन कॉलिन्स नावाच्या अमेरिकन बाईचं, २००८ सालचं. मॅट्रिकच्या इंग्रजीवर, डिक्शनरी मांडीवर ठेवून, पाळी सुटल्यावर रोज सात-आठ पानं. दीड महिन्यात संपलं आणि मग चटकच लागली. पिक्चर पाह्यले, फुटपाथवरून जुनी पुस्तकं आणली. असल्या कथांना डिस्टोपिया म्हणतात. मी उद्याचा नरक म्हणतो. आपल्यातली शिकलेली पोरं आजकाल याच्यावर फार बोलतात, म्हणून एका हमालाला काय वाटलं तेही छापून येऊ द्या.

गोष्ट अशी. अमेरिका बुडाली, तिच्या जागी पॅनेम नावाचा देश उभा राह्यला. एक राजधानी, तिच्या हुकमाखाली बारा जिल्हे. कुणी कोळसा काढायचा, कुणी शेत कसायचं, कुणी मासे धरायचे, आणि खायचं राजधानीनं. कधीकाळी जिल्ह्यांनी बंड केलं त्याची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून बारा ते अठरा वयाची एक पोरगी आणि एक पोरगा चिठ्ठी काढून उचलायचा. चोवीस पोरं रिंगणात सोडायची. एकानंच जिवंत परत यायचं. आणि हे सगळ्यांनी टीव्हीवर बघायचं, सक्तीनं. नायिका कॅटनिस, सोळा वर्षांची, बाप कोळशाच्या खाणीत मेलेला.

ते चिठ्ठी काढायचं प्रकरण वाचताना मला हसू आलं. दोस्तहो, खोटं नाही सांगत. तिथं आयाबाप जीव मुठीत धरून उभे, आपल्या पोराचं नाव निघू नये म्हणून. आम्ही सकाळी सहाला गोदीच्या गेटावर उभे, नाव निघावं म्हणून. आम्ही ठेक्यावरचे. मुकादम मोबाईलमधली यादी वाचतो. नाव आलं तो आत, लोखंडाच्या कॉइलींखाली. नाही आलं तो घरी, बायकोचं तोंड बघायला. गेल्या पावसाळ्यात साखळी सुटून एकाचा पाय गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या जागेसाठी गेटावर चौदा जण होते. त्या दिवशी यादीत माझं नाव नव्हतं. चौदांतला एक मी होतो, हेही इथं लिहून ठेवतो.

म्हणलं, या बाईला हे सुचायचं नाही, की मरणाच्या चिठ्ठीसाठी माणूस आपण होऊन रांग लावील. नाही. चुकलो. तिला सुचलंय. तिनं त्याला नाव दिलंय टेसेरा. घरात दाणा नसला तर पोरानं आपल्या नावाची आणखी एक चिठ्ठी टाकायची; बदल्यात एका माणसाला वर्षभर जेमतेम पुरेल एवढं धान्य आणि तेल. या चिठ्ठ्या वर्ष सरलं म्हणून पुसत नाहीत, साचत जातात. कॅटनिसच्या नावाच्या वीस साचल्यात. तिच्या दोस्ताच्या, गेलच्या, बेचाळीस. मेयरच्या पोरीला जादा चिठ्ठी टाकायची गरजच नाही. पण भांडं एकच! कायदा सगळ्यांना सारखा! हे मी कुठं ऐकलंय? मॅट्रिकनंतर कॉलेजात फॉर्म भरायला गेलो होतो तिथं, खिडकीपाशी मेरिटच्या गप्पा मारणाऱ्या पोरांच्या तोंडून. परीक्षा म्हणे सगळ्यांना सारखीच असते. अरे, माझ्या नावाच्या चिठ्ठ्या आज्या-पणज्यापासून साचल्यात, त्या कोण मोजणार? या एका टेसेरासाठी मी त्या बाईला शंभर गुन्हे माफ करीन.

एक मात्र नाही करणार. रू.

रू बारा वर्षांची. अकराव्या जिल्ह्याची, शेतमजुराची पोर. तिच्याकडे पिकातलं काही तोंडात टाकलं तर सगळ्यांदेखत चाबूक. झाडावर चढून शेंड्याची फळं तोडायची हे तिचं काम. ती रिंगणात भाल्यानं मरते, आणि मी पत्र्याच्या शेडमध्ये, टोळीतल्या चार जणांच्या समोर, रडलो. कॅटनिस तिच्या देहावर फुलं ठेवते. मग अकराव्या जिल्ह्यातून पाव येतो. स्वतः उपाशी असलेल्या लोकांनी पैसा-पैसा गोळा करून पाठवलेला पाव. रूसाठी होता, तो कॅटनिसला देतात.

रूचा रंग पुस्तकात स्पष्ट दिलाय. गडद तपकिरी. तरी २०१२ साली पिक्चर आला आणि पडद्यावर काळी पोरगी दिसली, तेव्हा तिकडच्या कित्येक वाचकांनी ट्विटरवर कांगावा केला, की रू काळी कशी? एकानं तर लिहिलं, ती काळी आहे कळल्यावर तिच्या मरणाचं तेवढं दुःख वाटेना. म्हणजे बघा, छापलेला रंगसुद्धा त्यांच्या डोळ्यांनी धुऊन काढला होता. रडायला घेतलेली पोर आपल्याच घरातली असली पाहिजे. आपल्याकडचा वाचक काही वेगळा आहे का? आमची आत्मकथनं वाचून 'फार सोसलंत हो' म्हणणारा प्राध्यापक घर भाड्यानं देताना आडनाव विचारतोच.

आणि लेखिकेवरही माझा राग आहे. आमच्यासारखी पोर मरायची, आणि तिच्या मरणानं नायिकेचं डोकं ठिकाणावर यायचं. रूचं काम एवढंच?

हे मी भाचीला ऐकवलं. तर ती माझ्यावरच उखडली. तीन बोटं वर करून म्हणाली, "ह्याचं काय मग?" हा त्या कथेतला सलाम. मे २०१४ मध्ये थायलंडात लष्करानं सत्ता बळकावली, तेव्हा तिथली पोरं रस्त्यावर हीच तीन बोटं वर करून उभी राह्यली. पोलिसांनी त्याबद्दल धरून नेली. २०२१ साली म्यानमारातही तेच. पोरांच्या कादंबरीतली खूण, आणि रणगाडेवाले तिला घाबरले. पोरगी शाळेत हे शिकली नाही, आपली आपण शोधून आली. मी गप्प बसलो. कॉलिन्सबाई कुणासाठी लिहायला बसल्या होत्या ठाऊक नाही, पण पुस्तक कुणाच्या हातात पडेल ते लेखकाच्या ताब्यात नसतं एवढं मला त्या दिवशी कबूल करावं लागलं.

पण मूळ भांडण सुटत नाही. या कथांत भय नेमकं कधी सुरू होतं? लोइस लोरीचं 'द गिव्हर' घ्या, १९९३ सालचं. त्यात पोरगं बारा वर्षांचं झालं की वडीलधारी मंडळी त्याचं जन्माचं काम ठरवून देतात. वाचणारा शहारतो, की अरेरे, स्वातंत्र्यच नाही! बारा वर्षं? आमच्या आज्याचं काम तो पोटात असताना ठरलं होतं. शिवाय त्या पुस्तकात मजूर म्हणजे उतरंडीचा तळ. पोरं जन्माला घालणाऱ्या बायांचा उपयोग संपला की त्यांना मजूर करतात. मी आहे तिथं ते शिक्षा म्हणून धाडतात! किंवा आपल्याकडची 'लैला'. प्रयाग अकबर यांची २०१७ सालची इंग्रजी कादंबरी, २०१९ साली नेटफ्लिक्सवर आली. शहरात जातवार, धर्मवार भिंती, शुद्धीचं वेड, पाण्याचा दुष्काळ. चांगली आहे, अंगावर येते. पण गोष्ट सुरू होते ती सुखवस्तू बाई भिंतीच्या चुकीच्या बाजूला फेकली जाते तेव्हा. चुकीच्या बाजूला जे जन्मालाच आले त्यांची गोष्ट सुरूच होत नाही. तो तिथला देखावा.

आता जुना पिक्चर. फ्रिट्झ लांगचा मुका 'मेट्रोपोलिस', बर्लिनला जानेवारी १९२७ मध्ये लागला. वर मालकांची चकाचक नगरी, जमिनीखाली कामगारांची. पाळी बदलते तेव्हा माना खाली घालून चालणारे ते कामगार बघा, गोदीत आजही तसेच चालतो आम्ही. पुढं खालच्या नगरीत पाणी घुसतं, पोरं बुडायला लागतात. तारीख डोक्यात बसली माझ्या. त्याच सालच्या मार्चात, २० तारखेला, बाबासाहेब महाडच्या तळ्यावर लोकांना घेऊन पाण्याला हात लावायला निघाले होते. लांगच्या पिक्चरचा शेवट मात्र पचत नाही. मालक आणि मुकादम हात मिळवतात, मध्ये मालकाचा पोरगा. डोकं आणि हात यांच्यात काळीज हवं, असा उपदेश. डोकं आलं, हात आले, काळीज आलं. पायाचं नाव नाही.

पायाचं नाव एका कोरियनानं घेतलं. बोंग जून-हो, 'स्नोपियर्सर', २०१३. हा पिक्चर मी चार वेळा पाह्यला. सगळी पृथ्वी गोठलीय, उरलेली माणसं एका न थांबणाऱ्या आगगाडीत. पुढच्या डब्यांत मेजवान्या, शेपटीच्या डब्यात कोंबलेली गरीब माणसं, त्यांना खायला झुरळांच्या वड्या. एक बाप चिडून बूट फेकून मारतो. त्याचा हात गाडीबाहेरच्या थंडीत काढून गोठवतात. तो गोठेपर्यंत पुढच्या डब्यातली अधिकारी बाई तोच बूट त्याच्या डोक्यावर ठेवून प्रवचन देते: टोपीची जागा डोक्यावर, बुटाची पायात, मी टोपी, तुम्ही बूट, आपली जागा ओळखा. मला बसल्या जागी घाम फुटला. त्या कोरियनाला पुरुषसूक्त कुणी शिकवलं? कुणी शिकवलं नसणार. जगात जिथं जिथं उतरंड आहे तिथं तिथं कुणीतरी हे सूक्त रचतंच. फरक एवढा, की पिक्चरमध्ये ते म्हणणारी बाई बघून लोक हसतात, आपल्याकडे त्याला सोवळं नेसवतात.

पुढं कळतं, इंजिनचा एक भाग झिजलाय, म्हणून त्याच्या पोटात शेपटीतली पाच वर्षांखालची पोरं बसवतात. लहान पोरच तिथं मावतं. कलाकल्पना? हातानं मैला उपसायला माणूस लावण्यावर बंदी घालणारे कायदे १९९३ आणि २०१३ सालचे. २०२३ साली सुप्रीम कोर्टाला गटारातल्या मरणाची भरपाई तीस लाख करावी लागली. बंद झालेल्या गोष्टीचा भाव वाढवतं का कोणी? आपली गाडीसुद्धा आतल्या माणसावरच चालते.

बंड होतं. शेपटीतले लोक डबा-डबा मारत इंजिनपर्यंत पोचतात. आणि मग कळतं, की शेपटीतला म्हातारा पुढारी गिलियम आतून इंजिनवाल्याशी फोनवर बोलत होता. बंडसुद्धा दोघांनी मिळून आखलेलं, गर्दी कमी करायला. आपल्याकडचे गिलियम फोन करत नाहीत, सरळ बंगल्यावर जातात. असो. नावं काय घ्यायची, तुम्हांला पाठ आहेत.

मला जे सांगायचंय ते याच्या पुढं आहे. सगळ्यांचे डोळे इंजिनकडे असताना एकच माणूस बाजूला बघत असतो. नामगूंग, दारांची कुलुपं उघडणारा. तो म्हणतो, पुढचं दार नको, हे बाजूचं उघडू. इतकी वर्षं बंद आहे म्हणून तुम्ही याला भिंत समजताय. चौथ्यांदा पाहताना मी पिक्चर तिथंच थांबवला. येवला १९३५, नागपूर १९५६. इंजिन काबीज करायचं सोडून एका माणसानं लाखोंना घेऊन बाजूचं दार उघडलं होतं. आणि आम्ही? दाराबाहेर पडलेल्यांची नातवंडं पुन्हा पुढच्या डब्याचं तिकीट मागत फिरतोय. मीही मागतो. भाचीनं पुढच्या डब्यात बसावं असं मलाही वाटतं, खोटं कशाला बोलू. पिक्चरच्या शेवटी गाडी उलटते, एक पोरगी आणि मशीनमधून काढलेलं एक काळं पोर, दोघंच बर्फात बाहेर येतात. समोर अस्वल. स्वागताला कोणी हार घेऊन उभं नाही.

माझी तक्रार आता आपल्याच लोकांशी आहे. आपण जे लिहिलं ते झालेलं लिहिलं. लिहायलाच हवं होतं. पण उद्याचं कोण लिहिणार? प्रकाशक आमच्याकडे जखमा मागतो, उद्या मागत नाही. आणि आम्ही जखमांची पोती उतरवून देतो, वजनावर. पँथर हे नाव आपण १९७२ साली ज्यांच्याकडून घेतलं त्या काळ्या लोकांत ऑक्टेव्हिया बटलर होऊन गेली. आई घरकामवाली. १९९३ साली तिनं 'पॅरेबल ऑफ द सोअर' लिहिलं, त्यातली गोष्ट २०२४ साली सुरू होते. देश जळतोय, आणि एक काळी पोरगी रस्त्यानं चालत माणसं गोळा करत निघालीय. तिथं रू मरत नाही. रू चालते. आणि लांब कशाला जायचं, चांभाराचं काम करणाऱ्या संत रविदासांनी बेगमपुरा पाह्यला होता. दुःख नसलेलं, कर नसलेलं शहर. बूट शिवता शिवता.

म्हणून मी लिहायला घेतलं. साल २०६०, मुंबई, गोदीवर समुद्र चढलेला. जात गेलीय. आडनावं नाहीत. सोळा पानं झाली, वही भाचीला दिली. तिनं वाचली आणि नवव्या पानावर बोट ठेवलं. रात्रीचं शहर रंगवताना तिथं मी एक माणूस गटारात उतरवला होता. का उतरवला, मला आठवत नाही. हात चालत गेला. ती म्हणाली, "मामा, हा आपलाच ना?"

ते पान फाडलं. त्या शहराचं गटार कोण उपसतं, ते अजून लिहून होत नाही.