चपला राखणारी मुले

शाळेतील सात वर्षांत मैदानावरचे एकच काम माझ्या वाट्याला नियमाने आले, आणि ते म्हणजे कडुनिंबाच्या पारावर बसून इतरांच्या चपला, चष्मे आणि मनगटी घड्याळे राखण्याचे. मला लहानपणी दम्याचा विकार होता. वडिलांनी डॉक्टरांची चिठ्ठी एकदा शाळेच्या दप्तरी दाखल केली आणि ‘पी.टी.तून सूट’ असा जो शेरा हजेरीपत्रकावर पडला, तो मी दाखला घेऊन बाहेर पडेपर्यंत कोणी खोडला नाही. आमचे ड्रिलमास्तर निष्ठुर होते असे मुळीच नाही. शंभर मुलांना एका शिट्टीसरशी रांगेत उभे करण्याची हातोटी त्यांच्यापाशी होती, आणि खो-खोच्या संघाला तालुक्याबाहेर नेताना ते पदरमोड करून मुलांना जेवू घालीत. परंतु धाप लागणाऱ्या मुलाला कोणता व्यायाम झेपतो, तो कितपत द्यावा आणि केव्हा थांबवावा, हे त्यांना त्यांच्या शिक्षणक्रमात कोणी शिकविलेच नसल्यामुळे, त्यांच्या दयाबुद्धीला सुचला तेवढा एकच उपाय त्यांनी माझ्यासाठी योजला. तो म्हणजे सावलीतली जागा.

हे आठवण्याचे कारण असे की, शारीरिक शिक्षणाचे शिक्षक विद्यापीठात कसे घडवावे याची चर्चा आपल्याकडे पुन्हा सुरू झाली आहे. राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेने 2014 च्या नियमावलीने बी.पी.एड. हा शिक्षणक्रम दोन वर्षांचा केला. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर चार वर्षांच्या एकात्मिक पदवीचा विचार पुढे आला. आणि 2023 च्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याने शारीरिक शिक्षण व स्वास्थ्य यांना इतर विषयांच्या पंक्तीला बसविले. या साऱ्याचे स्वागतच केले पाहिजे. तथापि या चर्चेत जो ऊहापोह चालतो तो वर्षांचा, श्रेयांकांचा आणि पदव्यांच्या नावांचा. पारावर बसलेल्या मुलाविषयी त्यात चकार शब्द नसतो.

पुण्यासारख्या शहरात तरी हा प्रश्न अधिक जाणतेपणाने विचारला जावा अशी अपेक्षा बाळगणे गैर नाही, कारण या विषयाच्या साऱ्या परंपरा येथे एकमेकींना येऊन मिळाल्या आहेत. पेशवाईच्या अखेरच्या पर्वात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे जीवन दिले, आणि पेठापेठांतील तालमींनी वस्तादाच्या नजरेखाली पिढ्यान्‌पिढ्या जोर-बैठका काढल्या. खडकी आणि लष्कर भागातील छावण्यांनी कवायत आणली. 1906 साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याने 1914 मध्ये खो-खोला लिखित नियमांत बसविले आणि गल्लीतला खेळ सामन्याच्या योग्यतेला चढला. कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी 1924 साली महाराष्ट्रीय मंडळ काढले, आणि त्याच वर्षी घाटमाथ्यावर, लोणावळ्यास, स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम उभारले. पुढे 1977 साली मंडळानेच गुलटेकडीला चंद्रशेखर आगाशे शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले आणि या विषयाचे शिक्षक घडविण्याचे कार्य पुणे विद्यापीठाच्या छत्राखाली येथेच होऊ लागले.

या नामावळीत मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात ते कुवलयानंद. जगन्नाथ गणेश गुणे हे त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव. बडोद्याच्या प्रो. माणिकरावांच्या आखाड्यात त्यांचे शरीर घडले आणि अमळनेरच्या शिक्षणसंस्थेत अध्यापन करता करता त्यांच्यातला शिक्षक घडला. म्हणजे तालीम आणि वर्ग ही दोन्ही स्थळे त्यांना आतून ठाऊक होती. परंतु तेवढ्यावर न थांबता, योगक्रियांनी शरीरात नेमके काय घडते हे क्ष-किरणांनी आणि दाबमापकांनी तपासून पाहण्याचा जो ध्यास त्यांनी घेतला, त्यामुळे व्यायाम ही केवळ श्रद्धेची अथवा शिस्तीची बाब न राहता निरीक्षणाची बाब झाली. मुंबई सरकारने 1937 मध्ये नेमलेल्या शारीरिक शिक्षण समितीचे ते अध्यक्ष होते, आणि त्या प्रयत्नांतूनच पुढल्या वर्षी कांदिवलीची प्रशिक्षण संस्था उभी राहिली. आरोग्य आणि व्यायाम यांची सांगड शिक्षकाच्या अंगी बाणवावयाची, तर ती कोणत्या वाटेने, हे त्या काळातच पुष्कळसे स्पष्ट झाले होते.

प्रत्यक्षात मात्र शाळेच्या मैदानावर जिंकली ती कवायत. स्वातंत्र्योत्तर काळात जनरल जगन्नाथराव भोसल्यांची राष्ट्रीय शिस्त योजना 1954 साली निघाली. निर्वासितांच्या विस्कटलेल्या मुलांना तिने ताठ उभे केले आणि त्या वेळी ते आवश्यकही होते. अशा अनेक योजनांची एकत्र मोट बांधण्यासाठी कुंझरू समिती नेमावी लागली आणि 1963 साली तिचा अहवाल आला. परंतु योजना बरखास्त झाल्या तरी ‘सावधान-विश्राम’चा शिरस्ता कायम राहिला, आणि शारीरिक शिक्षणाचा शिक्षक म्हणजे शाळेचा बिनगणवेशाचा सुभेदार, अशी जी समजूत मुख्याध्यापकांपासून पालकांपर्यंत सर्वांच्या मनात मुरली, ती अद्याप पुरती निघालेली नाही. आजही प्रार्थनेची रांग, स्वातंत्र्यदिनाचे संचलन, सहलीची बस आणि उशिरा येणाऱ्यांची झडती ही कामे त्याच्याच गळ्यात पडतात.

आता विद्यापीठाकडे वळू. या शिक्षणक्रमाच्या प्रवेशासाठी आपल्या राज्यात लेखी परीक्षेबरोबर मैदानी चाचणीही होते, आणि ती असावी याविषयी दुमत नाही. ज्याला स्वतःला पोहता येत नाही त्याने इतरांना पाण्यात उतरवू नये, हे व्यवहारज्ञान कोणासही पटेल. परंतु तिचा एक दुष्परिणाम ध्यानात घेतला पाहिजे. या चाळणीतून जी मुले-मुली पुढे येतात ती बहुधा शाळेत पहिल्या-दुसऱ्या क्रमांकाने धावलेली असतात. सर्वांसमक्ष शेवटचे येण्याची लाज, लठ्ठपणावरून झालेली थट्टा, उडीच्या वेळी पाय जमिनीला खिळून राहणे, हे त्यांच्या अनुभवकक्षेबाहेरचे असते. गणिताच्या शिक्षकालाही लहानपणी गणित येतच होते असे कोणी म्हणेल. खरे आहे, आणि म्हणूनच गणितात कच्च्या राहिलेल्यांची संख्या आपल्याकडे एवढी मोठी आहे. जे आपल्याला सहज येते ते दुसऱ्याला का येत नाही, हे ओळखण्याचे शिक्षण वेगळे द्यावे लागते, आणि शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयाचे मुख्य काम माझ्या मते हेच आहे. मैदान आखणे, पंचगिरी करणे, संघ निवडणे ही कामे त्यानंतरची.

विषयाचे नाव आपल्या शाळांत ‘आरोग्य व शारीरिक शिक्षण’ असे आहे. त्यातील आरोग्य हे पहिले पद बहुतेक ठिकाणी पुस्तकातच राहते. वस्तुतः आज वर्गात टाइप 1 मधुमेहाचे मूल असू शकते. धावता धावता त्याला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, तर ती रक्तातील साखर उतरल्याची खूण असू शकते आणि शुद्धीवर असेल तर त्याला तत्काळ काही गोड द्यावयाचे असते, ‘नाटक करू नकोस’ असे बजावावयाचे नसते. एखाद्याला फेपरे आले तर अजूनही आपल्याकडे कांदा किंवा चप्पल हुंगविण्यास माणसे धावतात; खरे तर त्याच्या तोंडात काहीही न घालता, त्याला कुशीवर वळवून, आजूबाजूचे दगड-बाके दूर करून, झटका किती वेळ टिकला एवढे घड्याळात पाहावयाचे असते. दम्याच्या मुलालाही, औषधोपचार नीट चालू असतील तर, सावकाश अंग तापवून आणि फवाऱ्याचे औषध जवळ ठेवून खेळता येते, नव्हे खेळावे, असेच आजचे वैद्यक सांगते. सातवी-आठवीच्या मुली मैदानावरून हळूहळू दिसेनाशा का होतात, याचे उत्तर तर प्रत्येक घराला ठाऊक असून त्यावर शाळेत बोलण्याची हिंमत आणि भाषा कोणापाशीच नसते. केंद्र सरकारने 2020 साली प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्यदूत नेमण्याची योजना काढली, चांगली गोष्ट. परंतु ज्याच्या नेमणुकीच्या पत्रातच आरोग्य हा शब्द असावयास हवा तो मनुष्य शाळेत असताना दूत निराळे शोधावे लागतात, यातच आपल्या शिक्षणक्रमाची परीक्षा झाली.

यावर उपाय काही खर्चिक नाही. ससून रुग्णालय आणि बै. जी. वैद्यकीय महाविद्यालय येथून जवळच आहेत. भावी शिक्षकाने बालरुग्ण विभागात काही आठवडे उभे राहून पाहावे, अशी तजवीज विद्यापीठाने मनात आणले तर करता येईल. दुसरे, सराव पाठ. ते प्रशस्त मैदानावर, निवडक तीस-चाळीस मुलांसमोर, शिट्टी-शंकू-चेंडू यांच्या सज्जतेने घेतले जातात, आणि मग हाच पदवीधर सदाशिव किंवा नाना पेठेतील अशा शाळेत येऊन पडतो की जिच्या अंगणात पेव्हर ब्लॉक घातलेले असतात, अर्ध्या अंगणात शिक्षकांच्या दुचाक्या आणि उरलेल्यात सत्तर मुले. तेथे काय करावे हे त्याला शिकविलेले नसते, म्हणून तो रांग लावतो. आंतरवासितेचा निम्मा काळ तरी अशाच जागांत गेला पाहिजे.

येथे कोणी व्यवहारी वाचक विचारील की, नोकऱ्याच नाहीत तेथे हा उपद्व्याप कशाला? आक्षेप रास्त आहे, आणि त्याला विद्यापीठापाशी उत्तर नाही, सरकारापाशीच आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, पटसंख्या शंभरावर असेल तर, आरोग्य व शारीरिक शिक्षणाला निदेशक द्यावा असे म्हटले आहे. पण तो अंशकालीन. म्हणजे पदवीनंतर आणखी दोन वर्षे शिकून आलेल्या माणसाने तासिकेच्या हिशेबाने मानधन घ्यावे आणि घंटा होताच दुसऱ्या शाळेची वाट धरावी. असा मनुष्य कोणत्या मुलाला दमा आहे हे केव्हा जाणून घेणार? साहजिकच जे हुशार असतात ते व्यायामशाळांत आणि खाजगी क्रीडा अकादमींत जातात, जेथे पैसे भरून येणारी मुले आधीच खेळणारी असतात. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वयाच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी 60 मिनिटे मध्यम ते जोरदार हालचाल सांगते, आणि 2019 साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या पाहणीत जगातील शाळकरी वयाच्या 81 टक्के किशोरांना तेवढी मिळत नसल्याचे आढळले. ही मुले अकादमीत सापडत नाहीत, शाळेतच सापडतात.

पदे पूर्णवेळ व्हावयाची तेव्हा होवोत. तोपर्यंत विद्यापीठाने आपल्या अखत्यारीतली एक गोष्ट बदलावी, ती म्हणजे अंतिम पाठाची परीक्षा. प्रत्येक विद्यार्थी-शिक्षकाने वर्षभर एका न खेळणाऱ्या मुलाची सोबत करावी, त्याच्या घरी जावे, त्याच्या डॉक्टरांशी बोलावे आणि त्याची टिपणवही परीक्षेस हजर करावी. पाठ मात्र पूर्ण वर्गाचा घ्यावा. सूट मिळालेली, लठ्ठ, चष्मा लावणारी, काठी घेऊन चालणारी, सारी मुले त्यात असावीत. परीक्षकाने सूर्यनमस्काराची लय नंतर पाहावी. प्रथम पाराकडे पाहून तेथे किती मुले बसली आहेत ते लिहून घ्यावे, आणि तास संपताना त्यांतली किती उठली तेही. चपलांची चिंता नको; माझ्या सात वर्षांच्या राखणीत त्यांच्याकडे कोणी फिरकलेही नव्हते.