गाडी बंद, चूल बंद. मग विमा कशाचा?

वडापावची गाडी, पोळीभाजी केंद्र, घरगुती खानावळ, लग्नात शेकडो पाने उठवणारे आचारी. शहराचे पोट ही माणसे भरतात. आपल्या वस्त्यांतही अशी घरे कमी नाहीत. त्यांना मालक नाही, म्हणून स्वतंत्र म्हणायचे. पण मालक नाही म्हणजे पगारी रजा नाही आणि आजारपणात विचारणाराही नाही.

२००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखालचे नियम सांगतात, संसर्गजन्य आजार असलेल्याने अन्नाला हात लावू नये. नियम योग्यच आहे. गिऱ्हाइकाच्या जिवाशी खेळ नको. पण काविळीने महिनाभर गाडी बंद ठेवणाऱ्याच्या घरची चूल कशावर पेटायची? यावर व्यवस्था गप्प!

संघटित कामगारासाठी याचे उत्तर शोधले गेले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४४ साली, प्रा. आदारकर यांचा कामगारांच्या आरोग्य विम्यावरील अहवाल आला आणि त्यातून १९४८ चा राज्य विमा कायदा झाला. या योजनेतल्या कामगाराला उपचार मिळतात, शिवाय आजारपणात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते. हप्त्याचा मोठा वाटा मालक भरतो. गाडीवाल्याच्या वाट्याला यातले काहीच नाही.

मग त्याने काय करावे? आमचे म्हणणे स्पष्ट आहे. आधी हक्काचे घ्या, मग विकत घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०२३ च्या शासन निर्णयाने राज्यातल्या सर्व कुटुंबांना खुली झाली. कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. मात्र ते यादीतल्या उपचारांना आणि यादीतल्या रुग्णालयांतच मिळते. आपल्या भागातले असे रुग्णालय कोणते, हे आजार येण्याआधीच माहीत हवे.

ऐपत असेल तर खासगी पॉलिसी जरूर घ्यावी. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून रद्द झाला आहे. पण एजंटच्या गोड बोलण्यावर सही करू नका. बीपी, शुगर लपवू नका. लपवलेला आजार दावा बुडवतो. जुन्या आजारासाठी थांबण्याची मुदत विचारा. २०२४ च्या नियमाने ती तीन वर्षांहून जास्त ठेवता येत नाही. खोलीभाड्याची मर्यादा पाहा. ती ओलांडली तर बाकीचे बिलही त्याच प्रमाणात कापले जाऊ शकते. दावा अन्यायाने नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. तिने दाद दिली नाही तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही.

एवढे करूनही मूळ प्रश्न उरतोच. ही पॉलिसी रुग्णालयाचे बिल भरते, बुडालेला धंदा भरून देत नाही. उकळत्या तेलाने हात भाजला तर बिल चार दिवसांचे असते, गाडी मात्र महिनाभर बंद राहते.

यावर वाट आहे. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्या ४५ व्या कलमानुसार असंघटित कामगारांना राज्य विमा महामंडळाचे लाभ देणारी योजना केंद्र सरकार करू 'शकते'. स्वयंरोजगार करणारेही या असंघटित कामगारांत येतात. आमचा आक्षेप त्या 'शकते'वर आहे. जे करू शकते ते सरकारने केलेच पाहिजे, आणि ज्याला मालक नाही त्याच्या मालकाचा वाटा सरकारने भरला पाहिजे.

ई-श्रमवर नाव नोंदवा, फेरीवाल्यांच्या संघटनेत ही मागणी मांडा, मत मागायला येणाऱ्याला हा सवाल करा. दुसऱ्याचे ताट वाढणाऱ्याचे स्वतःचे ताट आजारपणात रिकामे राहता कामा नये. ही दया नव्हे, हा हक्क आहे!