पेटी आमची, किल्ली दुसऱ्याची

संसारांत कांहीं बदल असे असतात कीं, ते करण्यापूर्वीं चार दिवस विचार करावा लागतो आणि केल्यावर चार आठवडे निस्तरावे लागतात. बिऱ्हाड बदलणें हा त्यांतलाच एक. अलीकडे त्याच जातीचा आणखी एक बदल घरोघर होऊं लागला आहे, पण त्याकडे कोणी फारशा गंभीरपणें पाहत नाहीं. तो म्हणजे दूरदर्शन-संचाला कार्यक्रम पुरविणारी कंपनी बदलणें. असला विषय शाळेच्या वार्षिकांत कशाला, असें एखादे पालक म्हणतील. परंतु आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या घरीं ती लहानशी काळी पेटी आहे. तिच्याशीं झटापट करण्याचें काम वडील मंडळी मुलांवरच सोंपवितात. आणि तिच्या पोटांत हक्काचा असा एक प्रश्न दडलेला आहे कीं, जो या मुलांस मोठेपणीं निरनिराळ्या वेषांत पुन्हां पुन्हां भेटणार आहे. म्हणून हा प्रपंच.

मुंबईस दूरदर्शनचें केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजीं सुरू झालें. त्या काळीं गच्चीवर ॲल्युमिनियमच्या काड्यांचा ॲन्टेना उभारला, वाऱ्यानें फिरला तर कोणी वर जाऊन सरळ केला, कीं काम संपलें. कार्यक्रम थोडे होते, चित्रहि कृष्णधवल. पण संच कोणत्याही कारखान्याचा असो, त्यावर तेंच चित्र दिसे. पुढें केबलवाला आला. तो बदलावयाचा तर एक तार काढून दुसरी लावणें, एवढाच खटाटोप होता. (केबलवाला बदलणें गल्लींत सोपें होतें कीं नाहीं, हा प्रश्न निराळा.) नंतर उपग्रहावरून थेट घरीं कार्यक्रम देणाऱ्या कंपन्या निघाल्या. शहरांतील केबलही अंकीय पद्धतीनें देण्याचा कायदा झाला; मुंबईसह चार महानगरांसाठीं 31 ऑक्टोबर 2012 ही मुदत ठरली, आणि टप्प्याटप्प्यानें सर्व देशासाठीं ती 31 मार्च 2017 पर्यंत नेण्यांत आली. चित्र स्वच्छ झालें, वाहिन्या शेंकड्यांनीं वाढल्या. पण संच व आकाश यांच्यामध्यें एक पेटी येऊन बसली, आणि त्या पेटीला कुलूप होतें.

हें कुलूप कसलें, तें विज्ञानाच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असावें. कंपनी आपलें चित्र उपग्रहाकडे पाठविण्यापूर्वीं गणिती रीतीनें विस्कटून टाकते. तें पुन्हां जुळविण्याची किल्ली त्याच प्रवाहांतून, पण स्वतः कुलूपबंद होऊन येते, आणि कांहीं सेकंदांनीं ती बदलते. पेटींत सरकविलेलें छोटेंसें कार्ड ती किल्ली उलगडतें, आणि वर्गणी भरलेली असेल तरच चित्र जुळूं देतें. रचना मोठ्या चातुर्याची आहे. तिचें कौतुक करण्यास आम्ही कचरत नाहीं. परंतु प्रत्येक कंपनीचें कुलूप निराळें, म्हणून प्रत्येकीची पेटीही निराळी. एका कंपनीची पेटी दुसरीच्या घरीं नेली तर ती विटेइतकीच उपयोगाची.

समजा, एखाद्या कुटुंबानें कंपनी बदलण्याचें ठरविलें. जुनीस तसें कळवावयाचें तर दूरध्वनीवर पाऊण तास संगीत ऐकावें लागतें. मग एक अत्यंत गोड आवाज, पूर्वीं कधीं न देऊं केलेली सवलत देऊं करतो. सात वर्षें इमानानें पैसे भरणाऱ्यास जी मिळाली नाहीं, ती सोडून जाणाऱ्यास मिळावी, हा व्यापाराचा कोणता न्याय, तें आम्हांस अद्याप उमगलेलें नाहीं. नकार दिला, कीं खात्यांत उरलेल्या पैशांचें काय होणार, या प्रश्नावर तो गोड आवाज एकाएकीं अस्पष्ट होतो. दुसऱ्या दिवशीं नव्या कंपनीचा माणूस येतो आणि छपरावरील तबकडी फिरवितो. कारण एका कंपनीचा उपग्रह 83 अंश पूर्व रेखांशावर, तर दुसरीचा 95 अंशांवर. कित्येकदां तो जुनी तबकडी तशीच ठेवून शेजारीं नवी ठोकतो. आपल्या चाळींच्या व इमारतींच्या भिंतींवर गंजलेल्या तबकड्यांची जी प्रदर्शनें भरलीं आहेत, तीं अशींच. मग वाहिन्यांची निवड. 1 फेब्रुवारी 2019 पासून लागू झालेल्या नियमांनीं प्रेक्षकास हव्या तेवढ्याच वाहिन्या निवडून त्यांचेच पैसे देण्याची मोकळीक मिळाली, ही चांगली गोष्ट झाली; पण ती निवड नव्या कंपनीकडे पहिल्यापासून करावी लागते. आणि वाहिन्यांचे क्रमांक बदलतात! ज्या आजीबाईंस वाचतां येत नाहीं, पण कीर्तनाचा आंकडा, बातम्यांचा आंकडा आणि मालिकेचा आंकडा बोटांस पाठ आहे, त्यांचें अवघें ज्ञान एका दुपारीं निरुपयोगी होतें. नव्या वहीवर मोठ्या अक्षरांत आंकडे लिहून देणारीं नातवंडें आमच्या वर्गांत आहेत. तीं याची साक्ष देतील.

हे सर्व त्रास झाले. त्रास आज ना उद्यां सरतो. पण कार्यक्रम टिपून ठेवणाऱ्या पेटीची गोष्ट निराळी आहे.

अमेरिकेंत 1999 सालीं चकतीवर कार्यक्रम टिपून ठेवणारीं यंत्रें विक्रीस आलीं. आपल्याकडे तीं कांहीं वर्षांनीं, कंपन्यांच्या पेटींतच बसवून आलीं. सोय अशी कीं, मुलांच्या अभ्यासाच्या वेळेस लागलेला कार्यक्रम रविवारीं पाहावा, सामना मध्येंच थांबवून दार उघडावें, आवडलें तें जपून ठेवावें. पूर्वींच्या व्हिडिओ-कॅसेटींतही हें साधत असे, पण एका मोठ्या फरकानें. ती कॅसेट आपण शेजाऱ्याकडे नेऊं शकत होतों, दुसऱ्या कारखान्याच्या यंत्रांत घालूं शकत होतों. नव्या पेटींतील चकती बाहेर काढून संगणकास जोडली, तरी तिच्यावर केवळ विस्कटलेले आंकडे सांपडतात. कारण टिपलेलें चित्र त्या एका पेटीच्या व त्या एका कार्डाच्या किल्लीनें बंद केलेलें असतें.

आमच्याच घरची हकीकत सांगतों. मातोश्रींचे एक बंधु एका मराठी वाहिनीवरील भजनाच्या कार्यक्रमांत पखवाजाच्या साथीला बसले होते. अर्ध्या तासाच्या त्या कार्यक्रमांत मामा सारीं चार मिनिटें दिसत. धाकट्या बंधूनें तो टिपून ठेवला. पुढें दोन वर्षांनीं मामा वारले. मातोश्री दर एकादशीस तो कार्यक्रम लावावयास सांगत. भजन चालूं असे, आणि त्या केवळ डाव्या बाजूस, पखवाजाकडे पाहत. त्यानंतर पावसाळ्यांत चित्र वारंवार जाऊं लागलें व वर्गणीही वाढली, म्हणून बंधूनें कंपनी बदलली. बदलण्यापूर्वीं त्यानें दूरध्वनीवरून मुद्दाम विचारलें होतें, तेव्हां "टिपलेलें सर्व आपल्या पेटींतच राहील" असें उत्तर मिळालें. तें अक्षरशः खरें ठरलें. तें पेटींतच राहिलें. जुनी पेटी लावली कीं यादी दिसे, यादींत कार्यक्रमाचें नांव दिसे, आणि कळ दाबतांच वर्गणी भरण्याची सूचना येई. वर्गणी भरूं म्हटलें, तर जुनें खातें बंद झालेलें. नवें खातें काढलें तर कार्डही नवें, आणि नव्या कार्डास जुनें कुलूप उघडत नाहीं. ती पेटी आजही कपाटांत आहे. ती टाकून देण्यास मातोश्रींची परवानगी नाहीं.

येथें कोणी म्हणेल, कार्यक्रम कंपनीचा किंवा वाहिनीचा. तो तुम्हांस पाहावयास मिळाला, जपावयास नव्हे. परंतु कायदा असें म्हणत नाहीं. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या 39 व्या कलमांत स्पष्ट सांगितलें आहे कीं, प्रक्षेपणाचें ध्वनिमुद्रण वा चित्रमुद्रण स्वतःच्या खाजगी उपयोगासाठीं, अथवा केवळ प्रामाणिक अध्यापनासाठीं वा संशोधनासाठीं केल्यास प्रक्षेपकाच्या हक्काचा भंग होत नाहीं. शिक्षकांनीं व पालकांनीं हें कलम अवश्य ध्यानांत ठेवावें. अमेरिकेंतही 1984 सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें, पांच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमतानें कां होईना, घरीं कार्यक्रम टिपून सवडीनें पाहणें रास्त ठरविलें. जो हक्क कायद्यानें दिला, तो कुलपानें परत घेतां कामा नये, एवढेंच आमचें म्हणणें.

कंपन्यांचीही बाजू आहे, व ती पोकळ नाहीं. पेटी त्या पुष्कळदां खऱ्या किमतीहून स्वस्त देतात आणि वर्गणींतून तें भरून काढतात; ग्राहक महिन्यांत निघून गेला तर तोटा त्यांचा. शिवाय कुलूप सैल केलें तर चोरून दाखविणारे टपलेले आहेतच. पहिल्या अडचणीस उपाय सोपा आहे. पेटीची खरी किंमत सांगावी, अथवा ठराविक मुदतीचा करार करावा. मुदत संपली कीं पेटी ग्राहकाची, खरोखर ग्राहकाची. दुसरीबद्दल बोलावयाचें तर, वर्गणी भरली असतांना ज्यानें कार्यक्रम टिपला, तो त्यानें आपल्याच पेटीवर पाहण्यांत चोरी कोणती?

आणि हें अशक्य आहे, असें म्हणण्यास जागा नाहीं. भ्रमणध्वनीचा क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय 20 जानेवारी 2011 पासून देशभर झाली. प्रारंभीं त्याचें शुल्क 19 रुपयांहून अधिक नव्हतें. आकाश कोसळलें नाहीं. युरोपांत 30 सेंटिमीटरांहून मोठ्या पडद्याच्या अंकीय दूरदर्शन-संचास, कोणत्याही कंपनीचें कुलूप-कार्ड बसेल अशी खांच ठेवणें कायद्यानें आवश्यक केलें. आपल्या थेट उपग्रहसेवेच्या परवान्यांतही पेट्या एकमेकांच्या उपयोगी पडाव्या, अशी अट पहिल्यापासून होती. पण खांचेंत घालावयाचें कार्ड परवडेल अशा भावांत मिळेना, म्हणून ती अट कागदावर राहिली. एप्रिल 2020 मध्यें भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणानें, पेट्या कोणत्याही कंपनीस चालाव्या, अशी शिफारस सरकारास केली. शिफारस म्हणजे हुकूम नव्हे, हें खरें. हुकूमही पुरत नाहीं, असा अमेरिकेचा अनुभव आहे: तेथें 1996 च्या कायद्यानें असें कार्ड देणें भाग पाडलें, तेव्हां कंपन्यांनीं तें इतक्या अनिच्छेनें दिलें कीं, बसवावयास माणूस येण्याची वाट पाहून लोक कंटाळले, 2020 सालीं तेथील नियामकानें ती सक्तीच काढून टाकली. म्हणून नुसता नियम मागून भागणार नाहीं. तें कार्ड स्वस्त आणि दुकानांत सहज मिळणारें हवें, हेंही बरोबर मागावयास हवें.

डिसेंबर 2004 पासून चालूं असलेल्या दूरदर्शनच्या मोफत सेवेकडे पाहा. तिच्यावरील बहुतेक वाहिन्यांस कुलूपच नाहीं. म्हणून तिची पेटी बाजारांत कोणत्याही कारखान्याची घ्यावी, मासिक वर्गणी नाहीं, आणि कित्येक पेट्यांना पेनड्राइव्ह लावून कार्यक्रम टिपतां येतो. वाहिन्या मोजक्या आहेत, हवा तो क्रिकेटचा सामना तीवर दिसेलच असें नाहीं. पण पेटी तिच्या मालकाची असते.

ज्यांस वर्गणीच्या सेवेवांचून चालत नाहीं, अशा पालकांनीं नवी जोडणी घेतांना पावतीवर "विक्री" लिहिलें आहे कीं "भाडें", तें वाचून घ्यावें; वर्गणी बंद झाल्यावर टिपलेले कार्यक्रम दिसतील कीं नाहीं आणि उरलेले पैसे किती दिवसांत परत येतील, हे दोन प्रश्न तोंडी न विचारतां लेखी विचारावे, व उत्तर येईपर्यंत तबकडीवाल्यास छपरावर चढूं देऊं नये. पत्र लिहिण्याचें काम आठवीच्या पुढील कोणाही विद्यार्थ्यास सांगतां येईल; औपचारिक पत्र अभ्यासक्रमांत आहेच.