‘बंदी आहेच कुठे? विकत घ्या की!’

पुस्तकबंदीच्या कैवाऱ्यांकडे हल्ली एक हुकमी युक्तिवाद असतो. वाचनालयातून पुस्तक काढले म्हणजे काही ते जाळले नाही. हवे त्याने दुकानातून घ्यावे, ऑनलाइन मागवावे, मित्राकडून आणावे. बंदी आहेच कुठे? कट्ट्यावरची बडबड म्हणून हे सोडून दिले असते. पण टेक्सासमधील लॅनो कौंटीच्या खटल्यात अमेरिकेच्या पाचव्या सर्किट अपील न्यायालयाने मे 2025मध्ये जो निकाल दिला, त्यातही हेच म्हटले आहे. तेव्हा उत्तर देणे भाग आहे.

आधी लॅनोत काय घडले ते पाहू. टेक्सासच्या एका आमदाराने सुमारे 850 पुस्तकांची यादी फिरवली होती. तिच्या आधारे तिथली वाचनालये धुंडाळली गेली आणि 2021मध्ये 17 पुस्तके काढण्यास सुरुवात झाली. त्यांत पादण्यावरची विनोदी बालपुस्तके होती, वयात येणाऱ्या मुलांसाठी शरीराची माहिती होती, कू क्लक्स क्लॅनचा इतिहास होता आणि इझाबेल विल्करसन यांचे ‘कास्ट’ही होते. अमेरिकेतील वर्णभेद आणि आपली जातिव्यवस्था शेजारी शेजारी ठेवून पाहणारे हे पुस्तक. त्यात आंबेडकर आहेत. जोतीरावांनी 1873मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना! त्याच देशात जातीवरचे पुस्तक कपाटातून उतरवले गेले, हे मराठी वाचकाला जरा जास्तच बोचणार. पादण्याच्या विनोदापासून मुलांना वाचवायचे होते असे घटकाभर मानू. पण ‘कास्ट’ तर मोठ्यांसाठीचे पुस्तक. त्यापासून कोणत्या बाळाचे रक्षण झाले?

‘विकत घ्या’ म्हणणाऱ्यांना वाचनालय कशासाठी असते हेच उमगलेले नाही. ज्याला प्रत्येक पुस्तक विकत घेणे परवडत नाही त्याच्यासाठी ते असते, आणि त्याचे पैसे त्याने कराच्या रूपाने आधीच भरलेले असतात. शिवाय वाचक नेहमी नाव ठरवूनच येतो असे थोडेच आहे? कपाटापुढे उभा राहतो, चाळतो, एखादे घेऊन जातो. लॅनोत नागरिकांनी दावा लावल्यावर काढलेल्या पुस्तकांच्या देणगीतून आलेल्या प्रती काउंटरमागे ठेवण्यात आल्या. ना सूचीत नोंद, ना कपाटात जागा. मागितले तर मिळेल म्हणे. जे आहे हेच ठाऊक नाही ते मागायचे कसे, हे विचारायला वकील लागत नाही.

दुसरा पूर्वपक्ष पालकांच्या हक्काचा. आपल्या मुलाच्या हातातले पुस्तक काढून घेण्याचा हक्क पालकाला आहेच. शेजारच्या मुलाच्या हातातले काढण्याचा मात्र नाही. बरे, तक्रारदार तरी खरोखर पालक असतात का? अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या 2024च्या नोंदींनुसार पुस्तके हटवण्याच्या 72 टक्के मागण्या दबावगट आणि सरकारी यंत्रणांकडून आल्या होत्या. पालकांकडून आलेल्या फक्त 16 टक्के.

खरा वजनदार मुद्दा तिसरा. कर लोकांचा, मग बहुमताला नको ते पुस्तक का ठेवायचे? वाचनालये दरवर्षी पुस्तके बाद करतातच, हेही खरे. पण पाने सुटली, मजकूर जुना झाला, वर्षानुवर्षे कुणी नेले नाही, अशा कारणांसाठी. आमदाराच्या यादीत नाव आले म्हणून नव्हे. राहिला बहुमताचा प्रश्न. त्याचे उत्तर मिशिगनमधील जेम्सटाउनने दिले. तिथे समलिंगी व्यक्तींविषयीच्या मोजक्या पुस्तकांवरून वाद पेटला आणि ऑगस्ट 2022मध्ये मतदारांनी वाचनालयाचा करच नाकारला. उत्पन्नाचा 84 टक्के भाग त्या करातून येत होता. नोव्हेंबरमध्ये पुन्हा नकार. देशभरातून अडीच लाखांहून अधिक डॉलर जमले. एकट्या कादंबरीकार नोरा रॉबर्ट्स यांनी 50 हजार दिले. त्या पैशावर वाचनालयाने तग धरला, पण ते वाचले नोव्हेंबर 2023मध्ये, तिसऱ्यांदा मतदान झाले आणि त्याच गावाने कर मंजूर केला तेव्हा. म्हणजे बहुमत बदलता येते. त्यासाठी शेजाऱ्याशी बोलत राहावे लागते, एवढेच. ‘मी बंदी घातलेली पुस्तके वाचतो’ असे छापलेले कप मिरवणे त्याहून पुष्कळ सोपे. मला त्या कपांचे फारसे कौतुक नाही.

न्यायालयाच्या भरवशावर राहणे तर आता परवडणारच नाही. पाचव्या सर्किटने 10 विरुद्ध 7 मतांनी ठरवले, की माहिती मिळवण्याच्या हक्काचा आधार घेऊन वाचकाला वाचनालयाच्या अशा निर्णयाला आव्हान देता येत नाही. डिसेंबर 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. पाचव्या सर्किटच्या कक्षेतील टेक्सास, लुइझियाना आणि मिसिसिपी या तीन राज्यांपुरते हे दार बंद झाले. पण लॅनोकर खटल्यात हरले म्हणून त्यांची धडपड वाया गेली, असे म्हणणाऱ्यांनी एप्रिल 2023 आठवावा. खालच्या न्यायालयाने पुस्तके परत ठेवायला सांगितल्यावर, वाचनालयेच बंद करावीत का, हा विषय कौंटीच्या निवडून आलेल्या कमिशनरांनी बैठकीपुढे आणला होता. लोक जमले, बोलले, आणि वाचनालये उघडी ठेवण्याचे ठरले. ती बैठक न्यायालयात झालेली नव्हती. आणि तिथे बसलेल्या कमिशनरांना दर चार वर्षांनी याच लोकांकडे मते मागायला यावे लागते.